धाकटीचे सूर्य

धाकटी दोन वर्षांनी साठीची होणार होती, पण दादाच्या लेखी ती अजून धाकटीच होती. म्हणून तर संग्रहालयाच्या पायरीवर भेटल्याबरोबर, प्रवास कसा झाला हेही न विचारता, त्याने तिच्या हातात एक कागद ठेवला आणि म्हणाला, "इथे खाली सही कर. माझी झालीय."

धाकटी पिशवीत चष्मा शोधायला लागली. दादा पेनाचं टोपण काढून उभाच.

"वाचू तरी देशील?"

"वाचण्यासारखं काही नाही त्यात. कचेरीची भाषा आहे."

ज्या कागदात वाचण्यासारखं काही नसतं तो दोनदा वाचावा, एवढं शहाणपण नकाशा कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला असतंच. धाकटीने तो दोनदा वाचला. संग्रहालयाच्या नव्या दालनात कायमच्या मांडल्या जाणाऱ्या चौतीस लाकडी ठशांचं आणि त्यांच्या छापांचं सगळं काम कलाकाराने 'केवळ स्वतःच्या हाताने' केलेलं आहे, असं त्यांचा मुलगा आणि मुलगी लिहून देत होते. 'केवळ' ह्या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"हे खोटं आहे, दादा."

"मला माहीत आहे," दादाने आवाज खाली घेतला. "तुला माहीत आहे, मला माहीत आहे, शाईकाकांना माहीत आहे. आता जगात आणखी कुणाला कळायची काय गरज? परवा उद्घाटन आहे. बाबांच्या नावाची खोली होतेय, धाकटे. जन्मभर साबणाची वेष्टणं छापली त्या माणसाने."

"उद्या देते," धाकटी म्हणाली आणि कागद घडी करून पिशवीत टाकला.

"उद्या दुपारी बाराच्या आत. मग पाट्या छापायला जातात."

ह्या कागदात खोटं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हातारपणाचा हट्ट वाटेल.

बाबांचा छापखाना होता. पुढच्या खोलीत धंदा आणि मागच्या खोलीत बाबा. पुढे साबणाची वेष्टणं, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, दुकानांची पावतीपुस्तकं. मागे एक जाडजूड टेबल, भिंतीला टेकवलेल्या लाकडाच्या फळ्या, कोरण्या, पटाश्या आणि पश्चिमेकडची एकुलती एक खिडकी. खिडकीतून नदीचं वळण दिसायचं, पलीकडे कारखान्याची तीन धुराडी आणि त्यांच्यामागे डोंगरांची बुटकी रांग. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून बाबा पाचच्या सुमाराला मागे यायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि हे सगळं फळीवर कोरायला बसायचे. डोंगर, धुराडी, पाणी, आणि वर मावळता सूर्य. पुढे विद्वान लोकांनी ह्या मावळतीवर पानंच्या पानं खर्ची घातली. कुणाला तीत संस्कृतीचा अस्त दिसला, कुणाला यंत्रयुगाचा अंत, कुणाला माणसाचं एकटेपण. खरी गोष्ट एवढीच की बाबांना सकाळी फुरसत नव्हती. ज्याचं यंत्र सहाला सुरू होतं आणि ज्याची खिडकी पश्चिमेला आहे, त्याला दुसरा सूर्य भेटणार कुठे?

धाकटी शाळेतून आली की त्या टेबलाखाली बसायची आणि लाकडाच्या ढलप्या गोळा करायची. त्या खोलीचा वास तिला अजून आठवतो. जवसाच्या तेलाचा, शाईचा, ताज्या कोरलेल्या लाकडाचा. शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवून बाबा त्याच्या पाठीवरून लाकडी चमचा घासत बसायचे, आणि तो एकसुरी आवाज ऐकताऐकता तिचा डोळा लागायचा. पुढे आयुष्यात तिला मऊ गाद्या मिळाल्या, पण तशी झोप पुन्हा मिळाली नाही.

ती सात वर्षांची असताना एका संध्याकाळी पुढच्या खोलीत कुणी गिऱ्हाईक आलं आणि बाबा हातातली कोरणी टेबलावर ठेवून उठले. फळीवर दोन महिन्यांचं काम होतं. डोंगर झाले होते, नदी झाली होती, आकाश निम्मं झालं होतं, आणि मधोमध पेन्सिलने आखलेलं एक गोल गरगरीत वर्तुळ होतं. धाकटी टेबलाखालून वर आली. तिने सूर्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला काहीच नव्हतं. तिला त्याची दया आली. तिने कोरणी उचलली आणि त्याला केस काढले.

केस काही साधेसुधे आले नाहीत. लाकूड चिवट आणि हात सात वर्षांचा. एक ओरखडा ढगात शिरला, दुसरा धुराड्यातून आरपार गेला, तिसरा थेट नदीत बुडाला. बाबा परत आले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारलेला पाहून शाईकाका मध्ये पडले. शाईकाका म्हणजे यंत्रावर काम करणारा माणूस. त्यांच्या हातांची शाई कधी निघाली नाही आणि त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नाही.

"मालक, किती बिघडलंय ते एकदा छापून तर बघा," काका म्हणाले. "मग मारा."

बाबांनी रागारागाने शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, चमचा घासला आणि कागद उचलला. मग तो खिडकीपाशी नेला. मग दिवा लावून पाहिला. मग स्टुलावर बसले. डोंगर, नदी, धुराडी सगळी शहाण्या मुलांसारखी जागच्या जागी होती आणि त्यांच्या डोक्यावर सूर्य पिसाळला होता. चित्र जिवंत झालं होतं. हे समजायला विद्वान लागत नव्हता, शाईकाकांनासुद्धा समजलं.

तेव्हापासून घरात शिरस्ताच पडला. बाबा बाकीचं सगळं कोरायचे आणि सूर्याची जागा सोडायचे. सगळं झालं की हाक यायची, "धाकटे, तुझं काम आलंय!" मग ती अभ्यास, खेळणं, रुसणं, जे काही चाललं असेल ते टाकून धावायची. चौदा वर्षांत तिने तेवीस सूर्य कोरले. फळीवर डावीकडे कोरलेलं कागदावर उजवीकडे येतं, हे ती पाढ्यांच्या आधी शिकली. एक सूर्य फक्त तीन घावांचा होता. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्यांशी एकाच वेळी भांडलेली होती. बाबांनी तो पाहिला आणि "असू दे, छान आहे" एवढंच म्हणाले. ती दोघं त्या टेबलापाशी फार बोलत नसत. बोलायची गरजच पडत नसे.

मग एका मोठ्या शहरातून प्रदर्शनाचं बोलावणं आलं. बाबा टेबलाशी बसून एकेका छापाखाली पेन्सिलने सही करत होते. धाकटी एकवीस वर्षांची होती. तीही एक पेन्सिल तासून शेजारी येऊन उभी राहिली.

"मी कुठे करू?"

"काय?"

"सही."

बाबा हसले. तेवढं हसणंच नडलं. रागावले असते तर तीही रागावली असती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं मिटलं असतं. "एका चित्राला दोन धनी नसतात, धाकटे," असं म्हणून त्यांनी पुढचा छाप ओढला.

महिन्याभरात तिने लांबच्या शहरात नकाशा कचेरीत नोकरी धरली. निघाली त्या दिवशी बाबा मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत आणि ती आत गेली नाही. बाप शेर तर लेक सव्वाशेर. अबोला धरायला कारण लागतं, पण टिकवायला काही लागत नाही, तो आपोआप टिकतो. आई वर्षातून एकदा लेकीकडे येऊन राहायची, "त्यांचं जेवण कमी झालंय गं" असं उगाच हवेत बोलून बघायची, आणि धाकटी उठून स्वयंपाकघरात जायची. अशी अठरा वर्षं गेली. मग बाबा गेल्याचा निरोप आला. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मागच्या खोलीला कुलूप होतं. तिने किल्ली मागितली नाही.

ती गेल्यानंतर बाबांनी कोरलेली अकरा चित्रं तिने पहिल्यांदा पाहिली ती सात वर्षांपूर्वी, दादाने पाठवलेल्या एका जाड पुस्तकात. तेच डोंगर, तीच नदी, तीच तीन धुराडी. आणि वर एक भरीव काळं वर्तुळ. ना किरण, ना ओरखडा. खाली लिहिलं होतं, 'हा सूर्य नव्हे, हा शाप आहे.' धाकटीने पुस्तक मिटलं. शाप कुणाला होता हे तिला कुणी सांगायला नको होतं. "माझ्या जागेवर त्यांनी डांबर फासलं," असं ती नवऱ्याला म्हणाली आणि पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं.

लाकूड कोरलं नाही की ते काळं उमटतं, हे छापखान्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा एकदा तिच्या मनात येऊनही गेलं, की कदाचित त्यांनी ती जागा सोडली असेल. पण अठरा वर्षांत ज्याने दोन ओळींचं पत्र टाकलं नाही, त्याच्याबद्दल असलं वाटून घेणं म्हणजे आपलीच समजूत काढणं. तिने तो विचार दाबून टाकला.

आणि आता हा कागद. तेवीस सूर्य आपले नव्हेत असं लिहून द्यायचं, आणि तेही ज्याने जाताजाता आपली जागा काळी केली त्याच्यासाठी. बाबांनी तिला खरंच पुसून टाकलं असेल, तर तिचा हात सहीसाठी उठणार नव्हता, खोली राहो की जावो. आणि पुसलं नसेल, तर मग तिला काहीच नको होतं. पण ते सांगणार कोण? विचारायचं त्याला विचारलं नव्हतं, आणि तो जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

जाड पुस्तक लिहिणारे जाणकार आता ह्याच संग्रहालयाचे प्रमुख होते. बारीक अंगाचे, टक्कल पडलेले, बोलताना दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मळणारे. त्यांनी भावंडांना अगत्याने दालनात नेलं. भिंतीवर पहिलंच चित्र केसाळ सूर्याचं.

"एक्केचाळीस रेषा," जाणकार म्हणाले. "मी मोजल्यात. ह्यातली एकही शांत नाही. युद्ध पाहिलेल्या एका अख्ख्या पिढीचा आक्रोश आहे हा. ताई, अभिव्यक्तिवादी चित्रकलेत सूर्य कधीच नुसता सूर्य नसतो."

"मग काय असतो?"

"चित्रकाराचं आतडं असतं. डोंगर दिसतो तसा कोरतात, सूर्य आत वाटतो तसा कोरतात. आणि मावळतीचा असेल तर त्यात जे हातातून निसटलं त्या सगळ्याचं दुःख असतं."

"त्याला केस आहेत असं नाही वाटत तुम्हाला?"

दादाला मोठा खोकला आला. जाणकार हसले, कलाकाराच्या नातेवाईकांकडे पाहून हसतात तसे.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. छापखान्याचं छत गळायला लागलं आणि दादा त्या फळ्या कुठे ठेवाव्या ह्या विवंचनेत होता, तेव्हा ह्याच माणसाने चौतीस ठसे स्वतः छातीशी धरून एकेक करून इथे आणले होते. पण काळ्या सूर्यांपाशी पोचल्यावर त्यांनी आवाज इतका खाली नेला की धाकटीला राग आला.

"इथे त्यांनी जगाकडे पाठ फिरवली," ते कुजबुजले.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला तसं?"

"कलाकार सांगत नसतो, ताई. ते आपण वाचायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी छापखान्याच्या गल्लीत गेली. पुढच्या खोलीत आता कपड्यांना इस्त्री करून मिळत होती. मागच्या खोलीत धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते. खिडकी होती, पण खिडकीत नदी नव्हती, समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप होते. इस्त्रीवाल्या बाईने "काही हवंय का?" विचारलं, तेव्हा धाकटी "नाही, चुकून आले" म्हणाली आणि बाहेर पडली.

शाईकाका शेजारच्याच खोलीत राहत. वय ऐंशीच्या पुढे, कान यंत्राने कधीच खाल्लेले. त्यांनी तिला ओळखलं, खुर्चीवरचं वर्तमानपत्र काढून तिला बसवलं आणि "किती गं वाळलीस" म्हणाले. ती काही वाळली नव्हती.

"काका, बाबा शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेले होते का?"

"काय?"

सदतीस वर्षं जो प्रश्न तिने मनातल्या मनातसुद्धा हळूच विचारला होता, तो तिला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोराने पुन्हा विचारावा लागला.

"मला काय सांगणार ते," काका म्हणाले. "मालक माणूस. घरचं बोलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, द्या मालक, मी कोरतो सूर्य, माझा हात बरा आहे. तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"का?"

"आता का ते मी कसं सांगू? पण त्या चष्मेवाल्या पोराशी बोलले होते बघ. तीन दिवस बोलले. तो आवाज भरून घ्यायचा डबा घेऊन आला होता. मी दारातून बघायचो. मला यंत्राच्या आवाजात ऐकू काय येणार, कपाळ? पण शेवटच्या दिवशी मालकांनी फळी पुढ्यात घेतली होती, सूर्यावर बोट ठेवलं होतं आणि बोलत होते. मग गप्प झाले."

"कोण चष्मेवाला पोरगा?"

"अगं, तोच की. आता संग्रहालयात साहेब झालाय तो. केस गेले बघ बिचाऱ्याचे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. धाकटी चहाला न थांबता उठली. काका मागून "अगं, साखर घातलीय मी!" ओरडत राहिले. संग्रहालयात पोचली तेव्हा अकरा वाजत आले होते.

"टेपा? आहेत ना," जाणकार म्हणाले. "सहा आहेत. सगळं उतरवून पुस्तकात घेतलंय. म्हणजे, जवळजवळ सगळं. तिसऱ्या दिवशी ते फार दमले होते. जरा भरकटले, घरगुती बोलायला लागले. ते मी नाही घेतलं."

"मला तेच ऐकायचंय."

टेप सापडली, पण ती वाजवायचं यंत्र सापडेना. ते तळघरात एका शिपायाच्या गाणी ऐकण्याच्या उपयोगी पडत होतं, तिथून आणलं. आधी उलटी बाजू लागली. एवढ्यात दादा घड्याळाकडे बघत आत आला, पेन काढून, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून तसाच उभा राहिला.

पहिल्यांदा नुसती खरखर आली. मग त्या खरखरीच्या मागे एक ठेका. धडाड खट, धडाड खट. पुढच्या खोलीतलं यंत्र. धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. तिच्या लहानपणीची एकही दुपार ह्या आवाजाशिवाय गेलेली नव्हती आणि हे ती विसरूनच गेली होती. मग एक तरुण, उत्साही आवाज आला. स्वतःचा तो आवाज ऐकून जाणकार थोडे लाजले.

"तर ह्या काळ्या सूर्यांचा अर्थ आपण..."

"कसला काळा?" बाबा म्हणाले.

एकोणीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस इतका जवळून आणि इतक्या वैतागून बोलला की दादाने मागे वळून पाहिलं.

"हा. हा काळा सूर्य. मृत्यूचं प्रतीक म्हणून..."

"अहो, काळा नाही तो. कोरायचा राहिलाय."

"राहिलाय म्हणजे?"

"सूर्य मी कोरत नाही. माझी मुलगी कोरते. ते आधीचे तेवीस बघितलेत ना तुम्ही? सगळे तिचे आहेत. मी डोंगर करतो, पाणी करतो. ती आता इथे नसते, म्हणून हे राहिलेत."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घेता आले नसते?"

"दुसऱ्या कुणाकडून?" खुर्ची करकरली. "तिची जागा आहे ती."

यंत्राचा ठेका चालू राहिला. कागद उलटल्याचा आवाज आला. तरुण आवाजाने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना आपण काय विचारतोय हे त्याला तेव्हा मुळीच कळलेलं नव्हतं.

"पण मग छापांवर सही तुमच्या एकट्याची कशी?"

नुसती खरखर. इतका वेळ, की टेप अडकली असं वाटून जाणकारांनी हात पुढे केला. धाकटीने त्यांचं मनगट धरलं.

"चुकलं ते," बाबा म्हणाले. "तिने विचारलं होतं. मी हसलो."

कपबशी सरकवल्याचा आवाज आला.

"चहा घ्या तुम्ही. गार होतोय."

धाकटी रडली. रुमाल शोधायलाही वेळ मिळाला नाही, अशी रडली. तिला बाबांचा राग आला, की हे परक्या पोराला सांगता आलं आणि एक पत्र टाकता आलं नाही. स्वतःचा त्याहून आला, कारण पोस्ट तर तिच्याही कचेरीच्या तळमजल्यावर होतं. आणि ह्या सगळ्या रागाच्या खाली, किती वर्षांनी, तिला इतकं बरं वाटत होतं की त्याचीच तिला लाज वाटली.

"हे घरगुती?" नाक पुसत ती जाणकारांना म्हणाली.

जाणकारांचे हात पहिल्यांदाच खाली होते. "मला वाटलं, ते उत्तर टाळतायत," ते म्हणाले. "मी तेव्हा तीस वर्षांचा होतो, ताई. मला सगळ्याचा अर्थ लावायचा होता."

दादाने तिच्या पिशवीतून डोकावणारा तो कागद ओढून काढला, आडवा फाडला, मग उभा फाडला, आणि तुकडे कुठे टाकावे ते न कळून खिशात ठेवले. "मला कधी बोलले नाहीत," तो म्हणाला. "मी रोज शेजारच्या खोलीत होतो, धाकटे. रोज."

तिने त्याचा हात धरला. त्याच्याही वाट्याला बाबांचं फारसं काही आलेलं नव्हतं, हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

पावणेबारा वाजले होते. जाणकारांनी पाट्या छापणाऱ्यांना फोन करून काम थांबवलं. नव्या पाट्यांवर दोन नावं येतील म्हणाले. मग छापांवरच्या सहीचा विषय निघाला. जुन्या छापावर नवी सही करणं कुठल्याही संग्रहालयाच्या नियमात बसत नाही, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर स्वतःच पेन्सिल तासून आणली.

दोघा माणसांनी भिंतीवरचे छाप उतरवले, चौकटींतून काढले आणि लांब टेबलावर ओळीने मांडले. धाकटी बसली. पहिला केसाळ सूर्य पुढे आला तेव्हा तिला हसू फुटलं. सात वर्षांच्या मुलीच्या कामाखाली अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने सही करायची, म्हणजे अतिच झालं. पण बाबांच्या सहीशेजारी बोटभर जागा होती, तिथे ती बेताने बसली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक सूर्याबरोबर एकेक संध्याकाळ येत होती. त्या दिवशी कुठला फ्रॉक होता, बाबांनी कुठली कोरणी हातात दिली होती, आईने स्वयंपाकघरातून कितीदा जेवायला हाक मारली होती. ह्यातलं काहीही तिला काल आठवलं नसतं.

तीन घावांचा सूर्य आला.

"इथे कुणावर एवढी चिडली होतीस?" दादाने विचारलं.

"तुझ्यावर."

"मी काय केलं होतं?"

"ते नाही आठवत. पण तूच होतास."

तेवीस सह्या झाल्या. बोटं आखडली होती. जाणकारांनी हळूच चोविसावा छाप तिच्यापुढे सरकवला. तेच डोंगर, तीच नदी, तीच धुराडी, आणि वर तो भरीव काळा गोल.

धाकटीने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. पुस्तकातल्या चित्रात हे दिसलं नव्हतं. गोलाभोवतीचं आकाश बाबांनी केसाएवढ्या बारीक घावांनी कोरत आणलं होतं आणि प्रत्येक घाव कडेपाशी येऊन थांबवला होता. त्यांचा हात तेव्हा कापायला लागला होता, ते डोंगरांच्या रेषांत स्पष्ट दिसत होतं. पण गोलाच्या कडेला एकही टवका उडालेला नव्हता. पुढच्या छापातही नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. अकराही तिने पाहिले.

"कर ना," दादा म्हणाला. "त्यांनीच सांगितलंय. तुझी जागा आहे ती."

धाकटीने तळहात त्या काळ्या गोलावर क्षणभर ठेवला आणि छाप जाणकारांकडे परत सरकवला.

"ह्यांच्यावर नको," ती म्हणाली. "मी तेव्हा घरी नव्हते."